साल्वादोरची रीत आणि रत्नागिरीचा भात

मालगुंडला जायचं म्हणून मी घरातून निघालो आणि मालगुंड काही अजून पाहिलेलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको. माझ्या बहुतेक प्रवासांचं हेच होतं. निघताना एक गाव डोक्यात असतं, आणि परत येताना झोळीत भलत्याच गावची माती निघते.

त्याचं असं झालं. मॅट्रिकला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. तिसऱ्यांदा बसायचं की वडिलांच्या गुळाच्या दुकानात बसायचं, एवढाच प्रश्न उरला होता. बसायचं मात्र दोन्हीकडे होतं. मला बसणं मानवत नाही. फाल्गुन संपत आला होता, शाहूपुरीत गुळाच्या ढेपांवर माश्या घोंगावत होत्या, आणि कुणीतरी म्हणालं की मालगुंडचा समुद्र या दिवसांत आरशासारखा असतो. झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रत्नागिरीच्या सर्व्हिस मोटारीत होतो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो : ड्रायव्हरशेजारची जागा आदल्या दिवशीच धरून ठेवा. चार आणे जास्त पडतात, पण मागच्या बाकावर आंबा घाटात जे पोट ढवळतं ते चार आण्यांत आवरत नाही. मलकापूरला मोटार थांबते तिथली भजी गरम असतील तरच खा. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हर उतरून इंजिनावर पाणी ओततो, तेवढ्यात खाली बघून घ्यावं. झाडांचा हिरवा समुद्र पसरलेला दिसतो आणि खरा समुद्र अजून फार लांब आहे यावर विश्वास बसत नाही. साखरप्याच्या पुढे धूळ तांबडी होते. पालीला पोचेपर्यंत सगळे उतारू एका रंगाचे झाले होते. ब्राह्मण, वाणी, पोलिस, सगळे गेरूत बुडवून काढलेले.

रत्नागिरीत धर्मशाळेत फुकट उतरता येतं. ढेकूण धर्मशाळेचेच असतात, त्यांना आपण पाहुणे. सकाळी उठून मी बंदरावर आगबोट बघायला गेलो. आगबोट धक्क्याला लागतच नाही, लांब समुद्रात उभी राहते, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्यांच्या डालग्या, सगळं पडावात घालून तिच्याकडे नेतात. एक म्हातारी शिडीवर अर्धी चढली आणि खालच्या लाटेकडे बघून म्हणाली, "मी नाय जात ममईला. पोराला सांगा, तूच ये." आणि खरंच उतरली. मला फार आवडली ती बाई. हे बघण्यात माझा दिवस गेला. राजवाडा बघायचा राहिला.

तिसऱ्या दिवशी मालगुंडच्या वाटेला लागलो. मिऱ्याच्या बाजूनं चालत जायचं, खाडी आली की तरीत बसायचं. तर म्हणजे होडीच, बारा-पंधरा माणसं आणि एखादी शेळी मावेल एवढी. पैसा पडतो. वाऱ्याचं तोंड बघून तरवाला निघतो, त्यामुळे घाई असेल तर या वाटेला येऊ नका.

त्या तरीत मला धाकूकाका भेटले.

खाकी कोट घातलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस माझ्यासमोर बसला होता. त्यानं कोटाच्या खिशातून केळीच्या पानात गुंडाळलेलं घावन काढलं, दोन्ही हातांत धरलं, कडेचा तुकडा तोडला आणि डाव्या हातानं तोंडात घातला. डाव्या! सगळ्या तरीनं तोंड फिरवलं. माझ्या शेजारची टोपलीवाली बाई दुसरीला म्हणाली, "बगितलंस गो? बोटीवर जाऊन बाटली ती बाटलीच मानसं."

त्या माणसानं ऐकलं. पुढचा तुकडा तोडला, तोही डाव्या हातानं खाल्ला, आणि मोठ्या आवाजात सगळ्या तरीला सांगितलं, "साल्वादोरची रीत हाय ही. तिकडे साहेबपन असंच खातात."

मी विचारलं, साल्वादोर म्हणजे कुठं?

एवढं विचारायचीच खोटी होती. तर पलीकडे लागेपर्यंत आम्ही पनामाच्या कालव्यातून पार झालो होतो. शाळेच्या नकाशात अमेरिकेची कंबर जिथं बारीक होते तिथला हा मुलूख. धाकूकाका पंचवीस वर्षं आगबोटींवर खलाशी. शेवटच्या सफरीत त्यांची बोट तिथं कॉफीची पोती भरायला गेली. "आमच्या रत्नागिरीसारखंच बंदर," ते म्हणाले. "बोट लांब उभी. पन समुद्रात लोखंडी धक्का घुसवलाय आनि मानसाला खुर्चीत बसवून यारीनं वर उचलतात. पोत्यासारखं! मडमांनापन!" तिथं त्यांना ताप आला, बोट सोडून गेली, आणि दुसरी येईपर्यंत दोन महिने ते धक्क्याजवळच्या एका खाणावळवालीच्या पडवीत राहिले. तिला सगळे 'निन्या' म्हणत. आपल्याकडे मोठ्या बाईलाही मायेनं 'बाय' म्हणतात ना, तसंच. निन्या सकाळ-संध्याकाळ एकच पदार्थ करायची, पुपुसा.

"पुपुसा म्हंजे?"

"ते सांगून नाय कळत. खायला लागतं. मालगुंड काय पळून जात नाय."

हे मला पटलं. माझ्या प्रवासात मला सगळ्यात लवकर पटणारं वाक्य हेच आहे.

त्यांच्या वाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही. खाडी ओलांडल्यावर माडांतून अर्धा कोस. घर कौलारू, पुढे सारवलेलं खळं, मागे चार हापूसची कलमं. त्यांची बायको जानकीकाकी दारात भात पाखडत होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझं गाव, माझं आडनाव आणि माझी जात एका दमात विचारून घेतली, आणि म्हणाली, "घाटावरचा हाय होय? बस. पाय धुवून बस."

जेवायला भात आणि बांगड्याचं कालवण. मी आमच्याकडच्या पद्धतीनं भातात पंजा घालून कालवला, तर काकी बघतच राहिली.

"भात खातंस का भिंत लिंपतंस रे?"

तिथं मला पहिला धडा मिळाला, आणि तुम्ही रत्नागिरीला कुणाच्या घरी जेवणार असाल तर हा धडा घरूनच करून जा. बोटांच्या दुसऱ्या पेराच्या वर भात चढता कामा नये. तळहात कोरडा राहिला पाहिजे. घास बोटांच्या टोकांवर जमवायचा आणि अंगठ्यानं मागून ढकलायचा. माशाचा काटा तोंडातून त्याच बोटांनी काढून पानाच्या कडेला, आपल्या बाजूला ठेवायचा. डावा हात मांडीवर, त्यानं फक्त पाण्याचा गडू उचलायचा. आणि शेवटचं पान वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. काकी तिच्या कोरड्या तळहातानं मला दाखवत होती, आणि खरं सांगतो, इतकं नीटस जेवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

धाकूकाका आमच्यात नव्हते. ते आत चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून जेवत होते.

"आल्यापासनं असाच," काकी म्हणाली. "दोन हातानी जेवतो. गावच्या पंगतीत जात नाय. मी तरी लोकांना काय सांगू? साल्वादोर सांगू?"

दुसऱ्या दिवशी कळलं की मला नुसतं पुपुसा खायला आणलेलं नव्हतं. शेजारच्या गावचा एक सारंग सुट्टीवर आला होता. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. बोटीवर कोणाला घ्यायचं ते तोच ठरवतो, साहेब फक्त सही करतो. आणि या सारंगाची एक खोड होती : माणूस घेण्याआधी तो त्याच्या घरी जाऊन त्याच्याबरोबर एकदा जेवायचा. परवा दुपारी तो धाकूकाकांकडे येणार होता. पुढच्याच आठवड्यात त्याची बोट मुंबईहून सुटणार होती.

"त्याला पुपुसा घालायचा," काका म्हणाले. "आनि तू बरोबर बसायचं. मी एकटा दोन हातानी खाल्लं तर ती माझी खोड. दोघांनी खाल्लं तर ती रीत."

मी म्हटलं, बेत झकास आहे. आणि आम्ही तयारीला लागलो.

तिकडे मक्याचं पीठ असतं. इथं मका कुठला? तांदळाच्या पिठाची उकड काढली. आत घालायला तिकडे शिजवलेले काळे घेवडे आणि एक तार सुटणारं चीज. आम्ही चवळी शिजवून वाटली, तीत भाजलेले सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, मिरची आणि ओलं खोबरं घातलं. बरोबर तोंडी लावायला ते लोक कोबी आंबवून घेतात. आम्ही कच्ची पपई आणि कांदा किसून माडीच्या आंबट शिरक्यात रात्रभर ठेवला. उकडीचा गोळा घ्यायचा, खळगा करायचा, सारण भरून तोंड बंद करायचं, आणि मग दोन तळव्यांत टाळ्या वाजवल्यासारखं थापायचं. थाप, वळव, थाप, वळव. काकांचे तळवे असे चालत होते की मी बघत बसलो. माझा पहिला पुपुसा तव्यावर फुटला, दुसरा चुलीत पडला, तिसरा काकीनं उचलून बघितला आणि म्हणाली, "ही पोळी का खापरी?"

मग खाण्याची तालीम. काका माझे मास्तर झाले आणि सांगतो, माझ्या शाळेत असा मास्तर असता तर मी मॅट्रिक झालो असतो.

"वाट बगायची नाय. तव्यावरनं तुझ्या पानात पडला की लगेच सुरू. दुसऱ्याचा येईपर्यंत थांबलास तर निन्या रागावते. तिनं गरम दिला, तू गार करून खाल्लास, म्हंजे तिचा अपमान."

"इथं थांबलं नाही तर अपमान," मी म्हटलं.

"म्हनून तर सांगतंय. आता कडेनं तोड. मधनं नाय! मधनं तोडलास तर सारन पळतं. दोन बोटांएवढाच तुकडा. त्यावर चिमटीनं पपई ठेव. ढीग नको, चिमूट. तुकडा आडवा धर, वाकडा धरलास तर रस कोपरापर्यंत येतो. आनि काटा-चमचा मागायचा नाय. एका गोऱ्या कप्तानानं मागितला तर निन्यानं विचारलं, ह्याचे हात दुखतात का?"

काका हसले. मीही हसलो.

संध्याकाळी आम्ही खाडीवर गेलो. काकांच्या भाच्याची होडी चिखलातून वर ओढायची होती. मी पुढचा दोर धरला, काकांनी मागचा. मी ओढताना मागे वळून बघितलं तर त्यांनी दोर उजव्या मनगटाला तीन वेढे देऊन गुंडाळला होता, आणि बोटं उघडीच होती. पानासारखी लोंबत होती.

"काका, दोर असा गुंडाळू नये म्हणतात ना?"

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. होडी वर आली. मग ते वाळूत बसले आणि हात माझ्यापुढे धरला. तळव्यातून अंगठ्याच्या मुळाशी एक पांढरी रेघ गेली होती, सुरीनं आखल्यासारखी.

"ताप नव्हता रे. पोती उचलायची वायर तळव्यातनं गेली. अंगठा हालतो, पन धरत नाय. चमचाभर मीठपन धरत नाय." मग घाईघाईनं म्हणाले, "काकीला ठाऊक नाय हां. तिला वाटतं मला परदेशी खोड लागली. वाटू दे. खोड लागलेला नवरा चालतो."

"आणि बोटीवर कसं करणार?"

"पंचवीस वरसं केलं. हात विसरला तरी अंग विसरत नाय." ते खाडीकडे बघत राहिले. "घरात बसून काय करू? हकडे मला नुसते माड ओळखतात."

बसणं न मानवणारा माणूस दुसऱ्या तशाच माणसाला काय सांगणार? उलट मी मनात म्हटलं, हा माणूस बोटीवर गेलाच पाहिजे. बिनमॅट्रिक असलो तरी दोन हातांनी खायला मला येत होतं.

सारंग आला तो ऐन दुपारी. ठेंगणा, रुंद, मिशा पांढऱ्या, पायात बूट. बूट त्यानं खळ्याच्या कडेला असे नीट काढून ठेवले की दोन्हींची टोकं समुद्राकडे. ओटीवर तीन पानं मांडलेली. सारंगाचं नाव कुणी घेत नव्हतं, सगळे 'सारंगमामा' म्हणत. मीही म्हटलं.

"हा कोन?"

"पावनो," काका म्हणाले. "घाटावरचा. पनामाचा अभ्यास करतो."

हे मला नवीन होतं, पण मी मान डोलावली.

पहिला पुपुसा काकीनं तव्यावरून आणून सारंगमामांच्या पानात टाकला. ते रीतीप्रमाणे हात मांडीवर ठेवून थांबले. काका म्हणाले, "सारंगमामा, थांबायचं नाय. तिकडची रीत. बनवनारीचा अपमान होतो."

"आनि तुमची पानं रिकामी?"

"तीच तर गंमत."

त्यांनी कडेनं तोडायला एका हातानं सुरुवात केली. गरम उकड एका हातानं तुटेना. मग माझ्या पानात दुसरा पडला आणि मी सगळी तालीम पणाला लावली. दोन्ही हात, कडेचा तुकडा, चिमूटभर पपई, तुकडा आडवा, आणि डाव्या हातानं तोंडात. उभ्या जन्मात डावा हात तोंडाकडे नेला नव्हता. आई समोर असती तर उलथन्याचा फटका बसला असता.

सारंगमामा माझ्याकडे बघत होते. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. "माझी आय वरनं बगत असेल," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोडला. खाल्ला. थांबले. दुसरा तुकडा तोडला.

"सोडे घातलेत होय ह्यात?"

"तिकडे डुक्कर घालतात," काका म्हणाले.

"सोडेच बरे."

मग काकांचा आला. तेही दोन हातांनी खाऊ लागले आणि आम्ही तिघं ओटीवर बसून डाव्या हातानं असे जेवत होतो की रस्त्यानं जाणारा एक गुराखी कुंपणाशी थबकला. सारंगमामा खुलले. कोणत्या बंदरात काय खाल्लं, कोणत्या कप्तानानं काय ओकलं, सगळं निघालं. काका निन्याचा किस्सा सांगत होते, ह्याचे हात दुखतात का, आणि सारंगमामा मांडी थोपटून हसले. चार पुपुसे संपले. पाचवा मागितला. आणि तो तोडता तोडता सहज म्हणाले, "धाकू, तू तयारी ठेव. सोमवारच्या आगबोटीनं ममईला निघू."

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त त्यांची मान जराशी वर झाली. आम्ही जिंकलो होतो.

तेवढ्यात काकी आतून आली. एका हातात भाताचं टोप, दुसऱ्यात कालवणाचं.

"भात कशाला गो?" काका पटकन म्हणाले. "तिकडच्या जेवनात भात नसतो."

"तिकडच्या नसेल. माझ्या घरातनं मानूस भाताशिवाय उठला तर गावात तोंड दाखवू का नको?"

"वैनी बोलते ते बरोबर हाय," सारंगमामा म्हणाले आणि पान पुढे सरकवलं. "वाढ गो. ते सगळं झकास, पन भात पोटात गेल्याबिगर जेवलो असं वाटायचं नाय."

भात वाढला गेला. तिघांनाही. वर बांगड्याचं कालवण, तिरफळाचा वास. आता दोन हातांची रीत संपली होती. भाताला तिकडची रीत लागत नाही. भात इथला.

सारंगमामांनी उजव्या हातानं घास जमवला आणि तळवा कोरडा ठेवून खाल्ला. मी खाल्ला. काकांनी हात पानावर नेला आणि तसाच ठेवला. मग बोटं भाताखाली सरकवली, वर उचलली. अंगठा मागून आलाच नाही. अर्धा भात पानावर पडला, थोडा मांडीवर, आणि चार शितं मिशीला लागली.

सारंगमामा घास चावायचे थांबले. मग पुन्हा चावू लागले. काकांनी दुसरा घास उचलला. तोही पडला.

"कधीपासनं?"

"तिकडेच."

"म्हंजे ताप नव्हता."

"नव्हता."

सारंगमामांनी काट्यातून बांगडा सोडवला, भातात मिसळला. आवाज जराही चढवला नाही. "धाकू, दोरावर मानूस ठेवताना मी त्या मानसाचा इचार करत नाय. त्याच्या मागं दोर धरून जो उभा असतो, त्याचा करतो. तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय."

पानावर एक शीत न ठेवता सारंगमामा उठले. हात धुतले, बूट घातले. जाताना खळ्यातून वळून म्हणाले, "वैनी, ते उरलेले दोन पुपुसे बांदून दे गो. वाटेत खाईन." काकीनं केळीच्या पानात बांधून दिले. ते गेले.

काका पानावरच होते. मी उठू का बसू, मला कळेना. काकी आली, वाकली, आणि त्यांच्या पानात आणखी एक डाव भात वाढला. "जेव," म्हणाली. आणि ते जेवले. उजव्या हातानं, हळूहळू, सांडत सांडत. इतका वेळ मी कधी कुणाच्या पानाशी बसून राहिलो नव्हतो.

"चूक माझीच," मला नंतर म्हणाले. "तिला भात नको म्हनून आधी सांगायला हवं होतं. कोकनातल्या बाईच्या हातून भात राहील होय? ध्यानातच नाय आलं."

मलाही तेच वाटलं. पंचवीस वर्षं जगभर फिरलेला माणूस आणि आपल्या घरचा भात विसरला, असं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी झोळी उचलली. मालगुंडला जायचा उत्साह उरला नव्हता. काकी मला पाणंदीपर्यंत सोडायला आली, हातात कोकमाची पुडी.

मी म्हटलं, "काकी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

मी झोळीचा बंद सारखा केला.

"आला त्या दिवशी माझ्यासाठी लुगडं आनलं होतं," ती म्हणाली. "पुडक्याची गाठ दातानं सोडली. पंचवीस वरसं गाठी मारनारा मानूस. मला कळायला साल्वादोर कशाला लागतं रे?"

"म्हणजे काल भात..."

"भात मी रोजच करते."

ती थोडी चालली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मनगटाला दोर बांदून उभा राहील तो. मला म्हाईत हाय ना. बोट हालली की दोराबरोबर तो. हकडे काय सांडेल? भातच ना? सांडू दे."

"आणि घर?"

"चार कलमं हायत, खाचर हाय, माझे दोन हात हायत." तिनं पुडी माझ्या झोळीत घातली. "त्याला बोलू नको हां. त्याला वाटू दे बायको अडानी हाय. अडानी बायको चालते."

तरीत बसताना मी पैसा दिला आणि उलट्या वाटेनं रत्नागिरीला आलो. परतीच्या मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली नाही, मागच्या बाकावर बसलो, आणि आंबा घाटात व्हायचं ते झालं. तेव्हा चार आण्यांचं मी वर लिहिलंय ते अनुभवानं लिहिलंय.

घरी आल्यावर ज्वारीच्या पिठाचा पुपुसा करून बघितला. थापताना चिरतो, आणि आईनं डाव्या हाताचं नाव काढताच उलथनं हातात घेतलं, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही. तांदळाची उकडच घ्या. पपई रात्रभर तरी मुरू द्या. आणि कडेनं तोडा, मधून नाही. तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसायचं मी ठरवलंय, पण ते नंतर. मधल्या काळात मी जेवताना स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो. एवढासा असतो आणि सगळा घास तोच ढकलतो. दोन माणसं एका घरात एकमेकांना वेड्यात काढून एकमेकांना सांभाळत होती, आणि मी मध्ये बसून पपईची चिमूट किती घ्यायची ते शिकत होतो. तेही शिकायलाच हवं होतं म्हणा.

आषाढात एक कार्ड आलं. अक्षर वाडीतल्या मास्तरांचं, बोलणं काकांचं. पाऊस चांगला आहे. लावणी झाली. मास्तरांच्या घरच्या पूजेला पंगतीत बसलो होतो, पहिल्याच पंगतीत. तरीतली ती टोपलीवाली समोर होती. साल्वादोरचं काही सांगितलं नाही, उजव्या हातानंच जेवलो. काकी विचारते, लग्न ठरलं का. भात अजून सांडतो. कोंबड्या माझ्याच पानाजवळ बसतात, मजेत आहेत.